बेडकाची जन्मतारीख

९ जानेवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

एकाच आठवड्यात दुसरं पत्र बघून आत्या दचकेल, म्हणून आधीच सांगते की माझी तब्येत ठीक आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही सगळ्याला हो हो म्हणता आणि ठेवल्यावर आत्याला विचारता, काय म्हणत होती ठकू. चाळीस वर्षं बर्नरच्या फुसफुसाटाशेजारी बसल्यावर कान तरी दुसरं काय करणार! तेव्हा कागदच बरा. कागदाला नुसतं हो हो म्हणून सुटका नाही.

हात डॉक्टरांना दाखवलात का? मागच्या वेळी कप बशीवर वाजत होता आणि तुम्ही म्हणालात की बशी वाकडी आहे. तुम्ही उठून गेल्यावर मी ती टेबलावर ठेवून पाहिली. बशीत काही खोट नाही.

इथे आठ वर्षं झाली तरी ऑफिसात मला डॉक्टरवकीलबाई म्हणतात. ज्या फाइलला रसायनाचा वास येतो ती थेट माझ्या टेबलावर. पूर्वी प्रयोगशाळेत मी काहीतरी नवं सापडतंय का ते शोधायचे. आता दुसऱ्यांना सापडलेलं खरंच नवं आहे का, ते शोधते. हा धंदा तुम्हाला कधी पटला नाही हे मला ठाऊक आहे. पेटती भट्टी सोडून आलेली मुलगी, असंच तुमच्या मनात असतं.

सोमवारी एक नवी फाइल आली. तिच्याबद्दल अक्षर लिहिता येत नाही. तिसऱ्या पानावर एक आकृती आहे. ती पाहिली आणि मला उठून पाणी प्यावं लागलं, एवढंच.

बाबा, एक विचारायचंय. वर्कशॉपच्या कामाच्या नोंदवह्या तुम्ही निवृत्त होताना मागून घेतल्या होत्या, रद्दीत जाणार म्हणून. त्या आहेत का? असतील तर त्यांत काही लिहू नका, खोडू नका, कुणाला देऊ नका. का, ते विचारू नका. मी हे विचारतेय तेच बरोबर आहे की नाही, हे मला कळत नाहीये. पाकीट चिकटवून दोनदा उघडलं.

माया आहेच तुमची, तिला धरून आहे.
तुमची ठकू


१५ जानेवारी

चि. ठकूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

बाई गं, पत्र लिहिलंस की बाँब टाकलास? तुझं पत्र वाचल्यापासून तुझा बाप जागेवर नाही. लिहू नका, खोडू नका, कुणाला देऊ नका, असं लिहिल्यावर माणसाला काय वाटेल? त्याला वाटलं, कुणीतरी त्याच्यावर काचेच्या नळ्या घरी नेल्याचा आळ घेतलाय. बहात्तराव्या वर्षी शिडीवर चढला, माळ्यावरची ट्रंक एकट्याने खाली घेतली आणि मला धूळ पुसायलासुद्धा हात लावू दिला नाही. नऊ वह्या निघाल्या. नऊच्या नऊ पलंगाखाली आहेत. त्यांवर तो झोपतो म्हटलंस तरी चालेल.

एरवी मागच्या रविवारपासून स्वारी खुशीत होती. तुझ्या पत्राच्या आधीचीच गोष्ट. वर्तमानपत्रात तुझ्या पीएचडीच्या सरांचा फोटो आला, कुठल्याशा औषधाच्या कारखान्यात, काचेच्या उंच नळकांड्याशेजारी उभे. दादाने चष्मा पुसला, भिंग आणलं आणि ओरडला की अगं हा तर माझा बेडूक! मला वाटलं घरात बेडूक शिरला. मी खुर्चीवर चढले. मग त्याने समजावलं. फ्लास्कच्या मानेवर काढलेला तो फुगा, आतून सहा काटे खाली कललेले, बाजूने एक बारीक नळी परत खाली आलेली. उकळताना फेस वर आला की काट्यांवर फुटतो आणि थेंब होऊन माघारी जातो. गळा फुगवलेल्या बेडकासारखं दिसतं म्हणून बेडूक. तुझं तीन महिन्यांचं काम फेसाबरोबर वाहून गेलं आणि तू वर्कशॉपच्या दारात रडत उभी होतीस, तेव्हा तुझ्यासाठी केला होता म्हणे. तू तेव्हा कशी दिसत होतीस ते त्याने मला करूनही दाखवलं. नाक अगदी तुझंच.

फोटो कापून भिंतीवर लावलाय. इस्त्रीवाला, पोस्टमन, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना दाखवून झाला. सरांनी अजून माझी वस्तू वापरात ठेवली, असं म्हणतो आणि छाती काढून फिरतो.

डॉक्टरकडे गेलेला नाही. तू विचारशील म्हणून मला सांगून ठेवलंय की गेला होता असं लिही. लिहिलं.

आता काय ते लवकर कळव. इथे दोन म्हातारी माणसं जीव मुठीत धरून बसली आहेत.
तुझी आत्या


२२ जानेवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र मोठ्या बाईंच्या परवानगीने लिहितेय आणि याची प्रत ऑफिसच्या फाइलमध्ये राहणार आहे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख. त्यांना मी सगळं सांगितलं.

आत्याचं पत्र आलं ते मी उभ्याउभ्याच वाचलं. मी जे लपवत होते ते तुम्ही आधीच भिंतीवर लावलं होतंत. पत्र पाकिटासकट बाईंकडे नेलं. त्यांनी शिक्क्यावरची तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की आजपासून ही फाइल तुझी नाही. ज्या वस्तूची साक्ष मला स्वतःला द्यावी लागेल तिची वकिली मला करता येत नाही. बरोबरच आहे. तरी टेबलावरून फाइल उचलली गेली तेव्हा मी तिथली धूळ पुसत बसले.

आता साध्या शब्दांत सांगते. त्या बेडकाचं पेटंट सरांच्या नावावर आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी अर्ज केला की ही वस्तू जगात प्रथम मी शोधली, आणि ते हक्क एका मोठ्या कंपनीला दिले. दोन भाऊ आहेत, त्यांचं काचेचं छोटं वर्कशॉप आहे, हाताखाली अकरा माणसं. ते कुठल्याशा कॉलेजातला जुना नमुना बघून तसाच फुगा करत होते. कंपनीने त्यांना नोटीस दिली की काम बंद करा, नाहीतर कोर्टात या. भावांनी आमच्यामार्फत पेटंट रद्द व्हावं असा अर्ज केलाय. अर्जाच्या तारखेआधी ती वस्तू उघडपणे वापरात होती असं दाखवता आलं तर पेटंट टिकत नाही. म्हणजे सगळं येऊन अडतं बेडकाच्या जन्मतारखेवर. आणि जन्माच्या वेळी हजर होतो आपण दोघंच.

तुमच्याकडे आमचे दुसरे वकील येतील. त्यांना वह्या दाखवायच्या की नाही, साक्ष द्यायची की नाही, हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचं. काय बोला, हे मी सांगणार नाही. मला सांगताही येत नाही. सांगितलं तर तुमचं खरंही खोटं ठरेल.

दाराला कुलूप लावलं की नाही, हे आजकाल मी जिन्यावरून परत येऊन बघते. रोज लावलेलं असतं.

रागावलात तर रागवा, पण माझ्यावर नजर असू द्या.
तुमची ठकू


२९ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

तुमचे वकील येऊन गेले. सभ्य माणूस आहे. चहा घेतला. वह्या दाखवल्या नाहीत.

मी सरांच्या विरुद्ध उभा राहणार नाही. काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा माझ्याकडे ना शिक्षण ना ओळख. आठवी पास माणसाला संशोधन संस्थेत कोण घेतो? सरांनी घेतलं. तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा ते रोज येऊन बाकावर बसायचे. बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. तुला त्यांनी आपल्या हाताखाली घेतलं. ही माणसं विसरायची नसतात.

सरांना गरज असेल म्हणून नाव लावलं असेल. एका फुग्याने माझं काय जातं? चाळीस वर्षांत मी हजारो वस्तू केल्या. कुठे नाव घातलं मी?

आणि साक्षीला उभा राहिलो तर ते म्हणतील, करून दाखव. माझा हात आता हलतो. बशी सरळ आहे हे मलाही माहीत आहे.

त्या दोन भावांचं वाईट वाटतं. पण माझ्याच्याने होणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

जपून राहा.
बाबा


३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही नाही म्हणालात, तो विषय संपला. पुन्हा विचारणार नाही. हे पत्र त्यासाठी नाही.

तुम्ही लिहिलंत, कुठे नाव घातलं मी. त्या एका वाक्याने दोन दिवस मला जेवण गेलेलं नाही. बाबा, माझ्या प्रबंधाचं पान एकसष्ट तुम्ही पाहिलं नसेल. प्रयोगाची मांडणी कशी केली ते तिथे आहे. तिथे मी लिहिलंय की उकळताना फेस अडवण्यासाठी नेहमीचा सापळा वापरला. बस. आकृती नाही, वर्णन नाही, कुणी केला ते नाही. शेवटी आभाराची दोन पानं आहेत. त्यांत सर आहेत, ग्रंथपाल आहेत, मैत्रिणी आहेत, टंकलेखन करणाऱ्या बाईसुद्धा आहेत. तुम्ही बाबा म्हणून आहात, संस्काराबद्दल. काचेबद्दल नाही.

का, ते सांगते. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांचे वडील डॉक्टर, प्राध्यापक. माझे वडील खालच्या मजल्यावर काच फुंकतात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी वावगं बोललं नाही. तरी मला वाटायचं की माझं काम माझं राहावं. बाबांनी करून दिलं असं कुणी म्हणू नये. सरांनी काही सांगितलं नव्हतं. ते सहा महिने परदेशी होते. ते एक वाक्य माझं मी लिहिलं, आणि ते लिहिताना मला नक्की ठाऊक होतं की तसा सापळा कुठल्याही पुस्तकात नाही.

आज सरांनी तुमचं नाव गाळलं म्हणून मी तावातावाने फाइल उघडली. त्यांच्या सहा वर्षं आधी मी गाळलं होतं. माझ्या मनात येतं, सर परत आले तेव्हा प्रबंधात नेहमीचा सापळा असं वाचून त्यांना वाटलं असेल की हा कुणाचाच नाही. मग कुणीही घ्यावा.

यावर काही लिहिलं नाहीत तरी चालेल.
तुमचीच, तुम्हाला वाटेल तितकी,
ठकू


१२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आत्याचे आशीर्वाद.

काय लिहिलं होतंस ते मला ठाऊक नाही. पत्र त्याने दाखवलं नाही, खिशात ठेवलं. एरवी तुझी पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवतो, स्वतःलाच ऐकू यावीत म्हणून. हे मुकाट वाचलं. दोन दिवस परसातल्या शेडमध्ये जुन्या बाकड्यापाशी बसून होता. मी जेवायला हाक मारली की येई, जेवे, परत जाई. मी मनात तुला बरंच बोलले, ते परत घेते.

तिसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चौथ्या नंबरची वही वर्तमानपत्रात गुंडाळली आणि निघाला. कुठे विचारलं तर म्हणाला, सरांकडे. म्हटलं, वह्या कुणाला देऊ नका असं लिहिलंय ना पोरीने? तर म्हणाला की देणार नाही, दाखवणार आहे. मी मागून रिक्षा केली आणि त्यांच्या फाटकाबाहेर उभी राहिले. काय करणार! मला भाऊ एकच आहे.

तासाभराने बाहेर आला. वही काखेत होती. रिक्षात मला सगळं सांगितलं. सरांनी चांगलं स्वागत केलं, सरांच्या पत्नींनी चहा दिला, जुन्या गोष्टी निघाल्या. मग दादाने वही उघडून सतरा ऑगस्टची नोंद पुढे ठेवली. ती मीही पाहिलीय आता. फेस अडवण्याचा फुगा, काम तोंडी, रेखाटन नाही, पहिला तडकला, दुसरा गळका, तिसरा बरा, असं लिहिलंय आणि शेजारी पेन्सिलीने बेडूक काढलाय. दादा म्हणाला की सर, एवढंच करा, कंपनीला सांगून त्या दोन भावांना सोडा, मला दुसरं काही नको. सर हसले. पाठीवर हात ठेवून म्हणाले की अहो, हात तुमचे होते, पण कल्पना तर माझीच ना.

ठकू, नाव घेतलं याचं त्याला काही नव्हतं. पण हे वाक्य त्याला लागलं. म्हणाला, तीन दिवस मी डोकं खाजवत बसलो होतो, पहिला का तडकला ते मला उमगलं, दुसरा का गळला ते मला उमगलं. ती काय नुसती बोटं होती? घरी आल्यावर शर्ट नीट घडी करून ठेवला आणि भिंतीवरचा फोटो काढला. फाडला नाही. वहीत ठेवला.

डॉक्टरकडे मीच नेऊन आणलं. गोळ्या दिल्यात. हात थांबणार नाही म्हणाले, सावकाश वाढेल. हे तुला सांगू नको असं त्याने बजावलंय, म्हणजे सांगायला हवं.
आत्या


१४ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

वकिलांना सांग, मी येतो. वह्या आणतो. त्याच्या पुढच्या वर्षाच्या वहीत सहा बेडूक बाहेरगावच्या कॉलेजला पाठवल्याची नोंद आहे, त्यांच्या पोचपावतीसकट. ती त्यांच्या कामाची असेल.

पान एकसष्टबद्दल भेटल्यावर बोलू. नीट जेव.
बाबा


८ मार्च

ती. आत्यास,
सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुला लिहितेय. बाबांना तू हवं तेव्हा सांग.

कंपनीच्या वकिलांनी आमच्यावर आरोप केलाय. साक्षीदार हा त्या फाइलवर काम केलेल्या वकिलाचा बाप, तेव्हा मुलीने बापाला पढवलं, आणि वहीतली नोंदही नंतरची, असं ते म्हणतात. वही तपासायला गेली आहे. शिवाय त्यांनी मागणी केलीय की जानेवारीपासून आपल्या घरात झालेली सगळी पत्रं हजर करा. मोठ्या बाई म्हणाल्या की द्यायलाच हवीत, आणि दिलेली बरी. बाबांनी बेडूक स्वतःहून ओळखला याला तुझ्या पंधरा जानेवारीच्या पत्राइतका चांगला पुरावा नाही. तुझं ते खुर्चीवर चढणं आता सरकारी कागदपत्रांत जाणार.

पण आत्या, त्यांत माझं तीन फेब्रुवारीचं पत्र आहे. ते बाबांच्या खिशात असेल. त्यात मी लिहिलंय की प्रबंधात मी एक गोष्ट खरी लिहिली नाही, जाणूनबुजून. ते वाचून समोरचे वकील विचारतील की तेव्हा खोटं लिहिणारी बाई आज खरं बोलतेय कशावरून? विद्यापीठ माझ्या पदवीचं काय करेल, मला माहीत नाही. नावामागचं डॉक्टर गेलं तर या ऑफिसात माझं काय उरतं, तेही माहीत नाही.

त्या पत्राची प्रत कुठेच नाही. तुला हे लिहिताना माझी मान खाली गेली आहे, पण काल दिवसभर माझ्या मनात हाच विचार होता. टपालात पत्रं हरवतात. हरवलं म्हटलं तर कोण विचारणार?

संध्याकाळी बाईंकडे जाऊन सांगितलं की असं एक पत्र आहे आणि त्यात असं असं लिहिलंय. आता मागे जायला वाट ठेवली नाही. तरी ते पत्र माझ्या हातात पडेपर्यंत माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून तू ते मला पाठवू नकोस. तुमची माझ्याकडची पत्रं मी बाईंना दिलीत, तुमच्याकडची सगळी थेट बाईंच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठव. विद्यापीठाला मी आजच स्वतःहून लिहिलंय.

तुझ्या भाचीला थोडा धीर पाठव, तो मात्र माझ्या पत्त्यावर.
ठकू


१२ मार्च

ठकू,

आशीर्वाद वगैरे सगळे आहेत असं समज, पोस्ट बंद व्हायच्या आत हे टाकायचंय.

गठ्ठा गेला. पावती सोबत. दादानेच दोऱ्याने बांधला. तुझं ते पत्र त्याने खिशातून काढून तारखेच्या जागी लावलं. मी विचारलं, पाठवू ना रे हे? तर म्हणाला की सगळी पाठव, आणि माझ्या पत्रांतलं शुद्धलेखन मात्र कुणी तपासू नये.

मोठ्या साहेबांसमोर माझं बेडकाचं नाट्य वाचलं जाणार म्हणून मला दोन दिवस झोप नाही. तू मात्र झोप.
आत्या


३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. नमस्कार, वि. वि.

बाबा सुखरूप आहेत. स्वयंपाकघरात बसून माझा गळका नळ दुरुस्त करताहेत, हात हलतो तरी. चार दिवसांनी पोचवते. कालचं तुला सविस्तर कळलं पाहिजे आणि ते स्वतः काही सांगणार नाहीत, म्हणून ऑफिसला जाण्याआधी लिहायला बसले.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, मधोमध अधिकारी, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला कंपनीचे दोन वकील आणि सर. सरांनी मला पाहून मान हलवली. मी नमस्कार केला. सवय.

माझी साक्ष आधी झाली. पान एकसष्ट आणि माझं पत्र समोर ठेवून त्यांच्या वकिलांनी मला पाऊण तास सोलून काढलं. तेव्हा खोटं की आता खोटं, एवढंच ते फिरवून फिरवून विचारत होते. मी म्हटलं, तेव्हा. आवाज माझ्या नाकातून आला. ते पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. टेबलाच्या कडेवर एक ओरखडा होता, मी त्याच्याकडे बघत राहिले.

मग बाबा. ऐकू येत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी प्रश्न कागदावर लिहून द्यायला सांगितले. त्यामुळे वकिलांचा सगळा नूरच गेला. खवळून प्रश्न विचारायचा, मग तो लिहायचा, मग बाबा चष्मा काढून, पुसून, लावून तो वाचणार आणि हळू उत्तर देणार. वही तपासणाऱ्यांचा अहवाल आला होता, शाई आणि कागद त्याच काळातले. तुझं पत्रही वाचलं गेलं. अधिकारी हसले, आणि ते हसल्यावर सगळे हसले. करून दाखवा असं कुणी म्हणालं नाही. बाबांनी मात्र स्वतःहून कागद मागितला आणि पहिला का तडकला ते रेघा मारून सांगितलं. रेघा थरथरत होत्या, पण काटे किती कललेले हवेत आणि नळी कुठे वळली पाहिजे, त्यात चूक नव्हती. सर त्या कागदाकडे बघत होते.

शेवटी वकिलांनी पान एकसष्ट पुढे सरकवलं आणि लिहिलं की तुमच्या स्वतःच्या मुलीने याला नेहमीचा सापळा म्हटलंय, हा तुमचा शोध असता तर तिने असं लिहिलं असतं का? बाबांनी वाचलं आणि म्हणाले की हे पान मला माहीत आहे. प्रबंध आला त्याच वर्षी शब्दकोश घेऊन मी तो वाचला होता, समजला नाही तरी सगळा वाचला. नेहमीचा सापळा वापरला, हे वाचून मला आनंद झाला होता. काचवाल्याची वस्तू नवी असते तोवर लोक तिला बिचकतात. तिच्यावर विश्वास बसला की ती नेहमीची होते. आपली वस्तू दोन वर्षांत नेहमीची झाली, यापेक्षा मोठं काय व्हायचं असतं?

आत्या, मी बारा वर्षं जे वाक्य विसरायला बघत होते, ते बाबा बारा वर्षं बक्षिसासारखं जपून होते.

अधिकाऱ्यांनी विचारलं, म्हणजे त्या वर्षी तो तुमच्या संस्थेत सर्रास वापरात होता? बाबा म्हणाले, हो, नऊ आमच्याकडे होते, सहा कॉलेजला गेले होते, कुणीही येऊन बघत असे. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलांनी पेनाला टोपण घातलं. ते पान त्यांनीच पुढे सरकवलं होतं.

घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं की तुमचा समज चुकीचा होता, मी ते तसं लिहिलं नव्हतं. ते म्हणाले की तू पत्रात लिहिलंस तेव्हा कळलं, आणि तेव्हा फार वाईट वाटलं. शेडमध्ये दोन दिवस त्यासाठीच होतो. तिथे शपथेवर जे सांगितलं ते तेव्हाचं, आणि ते खरंच आहे. पाना मागितला आणि नळाकडे गेले.

निकाल दीड-दोन महिन्यांनी. विद्यापीठाचं उत्तर अजून नाही. कुलूप बघायला मी अजूनही परत जाते.

तुझ्या पत्रांनी तारलं, तेव्हा हात आखडता घेऊ नकोस.
ठकू


२६ मे

चि. ठकूस आशीर्वाद.

निकालाची प्रत मिळाली. पेटंट रद्द हे शब्द दोनदा वाचले. दोन्ही भाऊ येऊन गेले. त्यांची भट्टी पुन्हा चालू झाली. दर गुरुवारी येऊन बसा म्हणतात, नव्या पोरींना काटे काढायला शिकवायचे आहेत. मी हात दाखवला. म्हणाले की तोंड चालतं ना? जातो आता. तोंड चालवायला आत्याही बरोबर येते.

विद्यापीठाने तुझी पदवी ठेवली आणि पान एकसष्टवर दुरुस्तीची चिठ्ठी लावायची ठरवली, हे बरं झालं. त्यांनी तुला ताकीद दिली तेही बरोबर झालं. चिठ्ठीत माझ्या नावापुढे हुद्दा काय लिहावा असं विचारलंस. काचकारागीर लिही. त्याहून लांब नको.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. सुनावणी सुटल्यावर तू बाईंशी बोलत उभी होतीस, तेव्हा मी जिन्याकडे गेलो. लिफ्ट बंद होती. सर कठडा धरून एकटेच उभे होते. वकील पुढे निघून गेले होते. सरांचे गुडघे गेलेत, तुला माहीत नसेल. मी हात पुढे केला. त्यांनी धरला. माझा हात हलतो, त्यांचे पाय हलतात, चार जिने उतरायला आम्हाला पाव तास लागला.

तिसऱ्या वळणावर ते थांबले आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं की कुठलं साल म्हणालात? मी सांगितलं. मग म्हणाले की मला खरंच आठवत नव्हतं हो. मी तुम्हाला चित्र काढून दिलं होतं, असंच मला वाटत आलं. तुम्ही ते बाकड्यावर टाचणीने लावलंत, हेसुद्धा मला दिसतं. अजून दिसतं.

खाली त्यांची गाडी आली. मी दार उघडून दिलं. ते गेले.

ठकू, ते खोटं बोलत नव्हते. चाळीस वर्षं मी त्यांचा चेहरा पाहिलाय. खोटं बोलले असते तर मला रागावता आलं असतं, आणि राग माझा फार टिकत नाही, तुला माहीत आहे. पण त्यांच्या आठवणीत मी चित्राला टाचणी लावतोय आणि ते चित्रच कधी नव्हतं. तेव्हापासून मी माझ्याच आठवणी तपासत बसतो. दवाखान्याच्या बाकावर ते रोज यायचे, ते रोज होतं का, की दोनदाच आले होते आणि मी रोज केलं? त्याची नोंद मी कुठल्याच वहीत केलेली नाही.

यावर तुमच्या कायद्यात काही असेल तर कळव. नसेल तर नुसतीच येऊन जा. आत्याला आठवतंय का ते मी अजून विचारलेलं नाही.

वाट बघतोय.
बाबा